फ्रेड पेंटलंड

फ्रेडरिक बीकन्सफील्ड पेंटलंड (जन्म : २९ जुलै १८८३; मृत्यू : १६ मार्च १९६२) हे इंग्लंडचे आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू व नामवंत प्रशिक्षक होते. स्पेनमधील फुटबॉलच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. बिल्बाओ येथील ॲथलेटिक क्लबला त्यांनी दोन वेळा स्पॅनिश साखळीचे अजिंक्यपद आणि पाच वेळा राष्ट्रीय चषक मिळवून दिला. डोक्यावरील गोल काळ्या बोलर हॅटमुळे स्पेनमध्ये ते ‘एल बोंबिन’ या टोपणनावाने ओळखले जात. माद्रिदच्या ॲथलेटिक क्लबचे (आजचा ॲटलेटिको माद्रिद) प्रशिक्षकपदही त्यांनी वेगवेगळ्या काळात भूषविले. या क्लबवर १९३५-३६च्या हंगामात पहिल्या विभागातून खाली जाण्याची वेळ आली. तोच पेंटलंड यांच्या स्पेनमधील कारकिर्दीचा अखेरचा हंगाम ठरला.

प्रारंभिक जीवन आणि खेळाडू म्हणून कारकीर्द

पेंटलंड यांचा जन्म इंग्लंडच्या मध्यभागातील वुल्व्हरहॅम्प्टन या औद्योगिक शहरात झाला. मैदानात ते उजव्या बगलेवरचे आघाडीपटू होते. चेंडू बगलेवरून पुढे नेणे आणि गोलसमोर उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे अचूक पोहोचविणे हे त्या जागेचे मुख्य काम. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ क्लबपासून त्यांनी सुरुवात केली. पुढे ब्लॅकपूल, ब्लॅकबर्न रोव्हर्स, ब्रेंटफर्ड, क्वीन्स पार्क रेंजर्स, मिडल्सब्रो, हॅलिफॅक्स टाउन आणि स्टोक अशा अनेक क्लबांकडून ते खेळले. क्वीन्स पार्क रेंजर्स संघाने १९०७-०८ मध्ये सदर्न लीगचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा पेंटलंड त्या संघात होते.

त्यांच्या खेळाचा सर्वांत यशस्वी काळ मिडल्सब्रोमध्ये गेला. १९०९ या एकाच वर्षात त्यांची इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात पाच सामन्यांसाठी निवड झाली. वेल्स व स्कॉटलंड यांच्याविरुद्ध प्रत्येकी एक, हंगेरीविरुद्ध दोन आणि ऑस्ट्रियाविरुद्ध एक असे हे सामने होते. पाचही सामने इंग्लंडने जिंकले. हंगेरी व ऑस्ट्रियाच्या दौऱ्यामुळे युरोप खंडातील फुटबॉलशी त्यांचा जवळून परिचय झाला. त्या काळी इंग्लंडमधील अनेक निवृत्त खेळाडू प्रशिक्षक म्हणून खंडातील देशांत जात असत. फुटबॉलचे नियम इंग्लंडमध्ये घडले होते, आणि तो खेळ शिकवू शकणाऱ्या माणसांना बाहेर मोठी मागणी होती. पेंटलंड यांनीही तोच मार्ग धरला.

रूलेबेन येथील बंदिवास

१९१४ साली जर्मनीच्या ऑलिंपिक फुटबॉल संघाच्या तयारीसाठी पेंटलंड बर्लिनला गेले. १९१६चे ऑलिंपिक सामने त्याच शहरात भरवायचे ठरले होते. मात्र ते तेथे पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मनीत राहणारे ब्रिटिश पुरुष नागरिक शत्रुराष्ट्राचे रहिवासी ठरले आणि त्यांना बर्लिनजवळील रूलेबेन येथे स्थानबद्ध करण्यात आले. ही मूळची घोड्यांच्या शर्यतींची जागा होती. तबेल्यांतच हजारो माणसांची राहण्याची सोय करण्यात आली होती.

या छावणीत इंग्लंडचे एकेकाळचे विख्यात गोलकर्ते स्टीव्ह ब्लूमर, स्कॉटलंडचे जॉन कॅमेरॉन, सॅम्युएल वुल्स्टनहोम असे अनेक नामांकित फुटबॉलपटू एकत्र आले. बंदिवानांनी आपली फुटबॉल संघटना स्थापन केली, संघ पाडले आणि सामन्यांची रीतसर वेळापत्रके तयार केली. सामने पाहण्यासाठी छावणीतील लोक मोठ्या संख्येने जमत. या उपक्रमात पेंटलंड यांचा पुढाकार होता. युद्ध संपेपर्यंतची चार वर्षे त्यांना तेथे काढावी लागली. अपुऱ्या साधनांत, वेगवेगळ्या कुवतीची माणसे घेऊन संघ उभारण्याचा अनुभव त्यांना या काळात मिळाला.

फ्रान्स आणि सांतांदेर

सुटकेनंतर १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी पेंटलंड यांच्याकडे फ्रान्सच्या संघाची जबाबदारी आली. फ्रान्सने इटलीला ३-१ असे हरवून उपांत्य फेरी गाठली, परंतु तेथे चेकोस्लोव्हाकियाकडून १-४ असा पराभव झाला. याच स्पर्धेत स्पेनचा राष्ट्रीय संघ प्रथमच मैदानात उतरला आणि रौप्यपदक घेऊन परतला. या यशामुळे स्पेनमध्ये फुटबॉलची लोकप्रियता झपाट्याने वाढली. क्लबांना जाणकार शिक्षकांची गरज भासू लागली. त्याच वर्षी पेंटलंड स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील सांतांदेर या बंदराच्या शहरात रेसिंग क्लबचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले.

बिल्बाओतील पहिला कालखंड

१९२२ मध्ये पेंटलंड बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबमध्ये आले. बिल्बाओ हे बास्क प्रदेशातील लोखंड, पोलाद आणि जहाजबांधणीचे शहर. इंग्लंडशी असलेल्या व्यापारामुळे तेथे फुटबॉल लवकर पोहोचला होता. बास्क खेळाडूंनाच संघात घेण्याची या क्लबची परंपरा आहे. बाहेरून खेळाडू विकत आणण्याचा मार्ग बंद असल्यामुळे आहेत त्या तरुणांना घडविणे एवढाच पर्याय तेथील प्रशिक्षकापुढे असे. पेंटलंड यांच्या स्वभावाला हे काम मानवणारे होते.

स्पेनच्या उत्तर भागात त्या वेळी जोमदार, धसमुसळ्या खेळाचे कौतुक होत असे. चेंडू उंच आणि लांब मारायचा व त्यामागे सर्वांनी धाव घ्यायची, अशी ती रीत होती. पेंटलंड यांनी तिच्या जागी जवळच्या सहकाऱ्याकडे चेंडू देत, जमिनीलगत पुढे सरकण्याची पद्धत शिकविली. चेंडू पायात थांबवणे, मान वर करून पाहणे आणि योग्य क्षणी सोडणे या गोष्टी ते रोजच्या सरावात घोटून घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी नामवंत खेळाडूंना बुटांच्या नाड्या नीट कशा बांधाव्यात हे शिकविले, अशी आख्यायिका बिल्बाओत सांगितली जाते. प्राथमिक गोष्टी पक्क्या केल्या की पुढचे आपोआप साधते, अशी त्यांची धारणा असल्याचे या कथेतून सुचविले जाते.

१९२३ साली ॲथलेटिक क्लबने बार्सिलोनातील लेस कोर्ट्स मैदानावर युरोपा या संघाला १-० असे हरवून राष्ट्रीय चषक जिंकला. विजयाच्या आनंदात खेळाडू पेंटलंड यांच्या डोक्यावरची हॅट हिसकावून घेत आणि तिच्यावर उड्या मारून ती चुरगळून टाकत. हा पुढे एक प्रघातच पडला. मोठ्या विजयानंतर प्रशिक्षकांना नवी हॅट घ्यावी लागे. सिगार ओढत मैदानाच्या कडेला उभे असलेले हॅटधारी पेंटलंड हे त्या काळातील स्पॅनिश फुटबॉलचे ओळखीचे दृश्य होते. स्पेनमध्ये आजही खेळाडू आपल्या प्रशिक्षकाला ‘मिस्टर’ म्हणून हाक मारतात. पेंटलंड यांच्या पिढीतील इंग्रज प्रशिक्षकांपासून आलेली ही सवय आहे.

माद्रिद आणि ओव्हिएदो

१९२५ मध्ये पेंटलंड प्रथम माद्रिदच्या ॲथलेटिक क्लबकडे गेले. १९०३ साली माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी बिल्बाओच्या क्लबची शाखा म्हणून हा क्लब स्थापन केला होता. पुढे तो स्वतंत्र झाला, तरी नाव आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख यांतून मूळचे नाते दिसत राहिले. पेंटलंड यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९२६ मध्ये राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. व्हॅलेन्सियातील मेस्ताया मैदानावर झालेला हा सामना बार्सिलोनाने जादा वेळेत ३-२ असा जिंकला.

त्यानंतरचा एक हंगाम पेंटलंड यांनी आस्तुरियास प्रांतातील ओव्हिएदो शहरात घालविला. तेथील दोन क्लबांचे एकत्रीकरण होऊन १९२६ साली रेआल ओव्हिएदो हा नवा क्लब उदयास आला होता. त्याची घडी बसविण्याचे काम त्यांनी केले आणि १९२७ मध्ये ते माद्रिदला परतले. १९२९ साली स्पेनची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या विभागातील दहा संघांत ॲथलेटिक माद्रिदचा समावेश होता.

इंग्लंडविरुद्धचा विजय

१५ मे १९२९ रोजी माद्रिदच्या मेत्रोपोलितानो मैदानावर स्पेन आणि इंग्लंड यांच्यात सामना झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याही राष्ट्रीय संघाकडून इंग्लंड तोपर्यंत हरले नव्हते. स्पेनच्या संघाची सूत्रे होसे मारिया मातेओस यांच्याकडे होती आणि त्यांच्या साहाय्याला पेंटलंड होते. इंग्लंडच्या खेळाची बलस्थाने व उणिवा त्यांना ठाऊक होत्या. इंग्लंडचा संघ फ्रान्स व बेल्जियम यांना हरवून माद्रिदला आला होता.

इंग्लंडने प्रारंभी दोन गोलांची आघाडी घेतली. स्पेनने बरोबरी साधली, इंग्लंड पुन्हा पुढे गेले आणि अखेरीस स्पेनने ४-३ असा विजय मिळविला. गास्पार रुबियोने दोन, तर लास्कानो आणि गोइबुरू यांनी प्रत्येकी एक गोल केला. इंग्लंडसाठी पाच सामने खेळलेल्या माणसाने इंग्लंडच्या पहिल्या मोठ्या परक्या पराभवाला हातभार लावला, ही बाब पुढे वारंवार नोंदविली गेली. १९३१च्या डिसेंबरमध्ये लंडनला झालेल्या परतीच्या सामन्यात मात्र इंग्लंडने ७-१ असा विजय मिळवून या पराभवाची भरपाई केली.

बिल्बाओतील सुवर्णकाळ

१९२९ मध्ये पेंटलंड पुन्हा बिल्बाओला आले आणि १९३३ पर्यंत तेथे राहिले. या चार वर्षांत ॲथलेटिक क्लबने मिळविलेले यश स्पॅनिश फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच आढळते.

१९२९-३० : साखळी अजिंक्यपद व राष्ट्रीय चषक
१९३०-३१ : साखळी अजिंक्यपद व राष्ट्रीय चषक
१९३१-३२ : साखळीत दुसरे स्थान व राष्ट्रीय चषक
१९३२-३३ : साखळीत दुसरे स्थान व राष्ट्रीय चषक

१९२९-३०च्या साखळीत संघाने १८ सामन्यांपैकी १२ जिंकले आणि ६ बरोबरीत सोडविले. एकही पराभव न होता अजिंक्यपद मिळविण्याची कामगिरी स्पेनच्या पहिल्या विभागात ॲथलेटिक क्लबशिवाय केवळ रेआल माद्रिदने, १९३१-३२ मध्ये केली आहे. पुढच्या वर्षी ॲथलेटिक, रेसिंग सांतांदेर आणि रेआल सोसिएदाद या तीन संघांचे समान २२ गुण झाले आणि विजेतेपद ॲथलेटिककडे आले. त्याच हंगामात, ८ फेब्रुवारी १९३१ रोजी, बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर बार्सिलोनाचा १२-१ असा पराभव झाला. बार्सिलोनाचा हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव होय. ‘बाता’ या नावाने परिचित असलेल्या आगुस्तिन सौतोने या सामन्यात सात गोल केले.

लाफुएंते, इरारागोरी, बाता, चिरी आणि गोरोस्तिसा ही पाच जणांची आघाडीची फळी हा या संघाचा कणा होता. दोन्ही बगलांवर वेगवान खेळाडू, मध्ये गोल करणारा बाता आणि थोडे मागे राहून चेंडू खेळविणारे इरारागोरी व चिरी, अशी तिची रचना होती. हे खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र राहिले. त्यामुळे लहान पासांच्या खेळाला लागणारा आपसांतील मेळ त्यांच्यात सहज निर्माण झाला. १९३१ मध्ये स्पेनमधील राजेशाही संपून प्रजासत्ताक आले आणि राजाच्या नावाने होणारी चषक स्पर्धा पुढे प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांच्या नावाने होऊ लागली. स्पर्धेचे नाव बदलले, विजेता मात्र तोच राहिला.

याच काळातील आणखी एक घटना येथे नोंदविण्याजोगी आहे. १९२९-३०च्या हंगामात बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब साखळीत पहिला आला, तर पेंटलंड यांनी नुकताच सोडलेला ॲथलेटिक माद्रिद दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. त्याची दुसऱ्या विभागात पदावनती झाली. दुसऱ्या विभागातून वर येण्यासाठी या क्लबला पुढे चार वर्षे लागली.

पदावनतीचा हंगाम : १९३५-३६

बिल्बाओ सोडल्यानंतर पेंटलंड पुन्हा ॲथलेटिक माद्रिदकडे आले. १९३४ मध्ये पहिल्या विभागातील संघांची संख्या दहावरून बारा करण्यात आली आणि या विस्तारात माद्रिदच्या क्लबला वरच्या विभागात प्रवेश मिळाला. क्लबकडे नामवंत खेळाडूंची वाण नव्हती. १९३३ साली स्पेनने बल्गेरियाला १३-० असे हरविले, त्या सामन्यात सहा गोल करणारा चाचो आता येथे होता. आघाडीला एलिसेगी, तर मधल्या फळीत मार्कुलेता आणि इपिन्या यांच्यासारखे अनुभवी बास्क खेळाडू होते. कागदावर हा संघ तळाशी झुंजणारा वाटत नव्हता.

स्पर्धेची रचना मात्र निष्ठुर होती. बारा संघ, प्रत्येकाचे २२ सामने, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक आणि शेवटच्या दोन संघांची थेट पदावनती. एवढ्या छोट्या साखळीत सलग तीन-चार पराभव झाले, तर ते भरून काढायला पुढे फारसे सामने उरत नसत. पदावनतीचा अर्थ केवळ प्रतिष्ठेपुरता नव्हता. माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ यांच्याशी होणारे सामने बंद होत, प्रेक्षक घटत, तिकिटांचे उत्पन्न आटत असे. चांगले खेळाडू दुसरीकडे जात. १९३० नंतरची चार वर्षे या क्लबने ते सारे अनुभवले होते.

१९३५-३६च्या हंगामात संघाला सूर सापडला नाही. गुणतक्त्यात तो तळाच्या गटात अडकला. पेंटलंड यांची पद्धत संयम मागणारी होती. आपल्या जागा आणि सहकाऱ्यांच्या हालचाली खेळाडूंच्या अंगवळणी पडाव्या लागत, आणि बिल्बाओत त्यासाठी त्यांना स्थिर संघ लाभला होता. माद्रिदमध्ये वेगवेगळ्या क्लबांतून आलेल्या खेळाडूंची मोट बांधायची होती आणि प्रत्येक सामन्याला गुणांची निकड होती. हंगाम चालू असतानाच क्लबने पेंटलंड यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी बार्सिलोनाचे माजी विख्यात खेळाडू जोसेप सामितिएर यांची नेमणूक झाली. सामितिएर यांचे प्रशिक्षक म्हणून हे पहिलेच काम होते.

प्रशिक्षक बदलूनही संघाचे नशीब पालटले नाही. एप्रिल १९३६ मध्ये शेवटच्या फेरीत ॲथलेटिक माद्रिदची गाठ सेव्हियाशी पडली. सेव्हियाचा संघही तळाच्याच गटात होता. त्यामुळे दोन्ही क्लबांचे भवितव्य याच सामन्यावर अवलंबून होते. सामना घरच्या प्रेक्षकांसमोर होता. सेव्हिया ३-२ असे पुढे असताना अखेरच्या टप्प्यात ॲथलेटिक माद्रिदला पेनल्टी मिळाली. बरोबरी साधण्याची ही संधी होती. चेंडू मारायला संघातील सर्वांत कुशल खेळाडू, चाचो, पुढे आला; पण गोल झाला नाही. सामना ३-२ असाच संपला. सेव्हिया पहिल्या विभागात टिकले. ॲथलेटिक माद्रिद अकरावे, ओसासुना बारावे आले आणि दोघांचीही पदावनती झाली.

त्या वर्षी साखळीचे अजिंक्यपद बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबने मिळविले. त्यांचे प्रशिक्षक विल्यम गार्बट हेही इंग्रज होते. सहा वर्षांपूर्वीचेच चित्र पुन्हा दिसले. एकाच नावाच्या दोन क्लबांपैकी बिल्बाओचा क्लब शिखरावर होता आणि माद्रिदचा तळाशी. १९३० मध्ये पेंटलंड विजेत्यांच्या बाजूला होते. १९३६ मध्ये त्यांनी घडविलेल्या परंपरेतील संघ विजेता ठरला आणि त्यांचे स्वतःचे नाव पदावनत झालेल्या संघाशी जोडले गेले.

गृहयुद्ध आणि पदावनतीचा शेवट

पदावनतीचा निर्णय प्रत्यक्ष अमलात येण्याआधीच, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये गृहयुद्ध पेटले. साखळी स्पर्धा बंद पडली, ती १९३९ पर्यंत. युद्धाने क्लबांची वाताहत केली. इरारागोरी, गोरोस्तिसा आणि इतर काही बास्क खेळाडू १९३७ मध्ये बास्क प्रदेशाच्या संघातून परदेश दौऱ्यावर गेले आणि त्यांपैकी अनेकजण दीर्घकाळ मायदेशी परतले नाहीत. पेंटलंड यांनी घडविलेला संघ अशा रीतीने विखुरला.

युद्धानंतर ॲथलेटिक माद्रिदची अवस्था बिकट होती. १९३९ मध्ये हवाई दलाच्या अव्हियासिओन नासिओनाल या संघाशी त्याचे विलीनीकरण झाले आणि ॲटलेटिको अव्हियासिओन हा क्लब तयार झाला. नव्या हंगामात तो दुसऱ्या विभागातच खेळणार होता. परंतु ओव्हिएदो शहराला युद्धाची मोठी झळ बसून तेथील मैदान उद्ध्वस्त झाल्यामुळे रेआल ओव्हिएदोला एका हंगामापुरती सूट देण्यात आली. पहिल्या विभागात एक जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी १९३६ मध्ये पदावनत झालेल्या दोन संघांत सामना घेण्याचे ठरले. २६ नोव्हेंबर १९३९ रोजी व्हॅलेन्सिया येथे ॲटलेटिको अव्हियासिओनने ओसासुनाला ३-१ असे हरविले. ज्या क्लबची जागा रिकामी झाली आणि ज्याला ती मिळाली, ते दोन्ही क्लब पेंटलंड यांनी एकेकाळी सांभाळलेले होते.

विख्यात गोलरक्षक रिकार्दो सामोरा आता या क्लबचे प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९३९-४० चे साखळी अजिंक्यपद पटकाविले आणि पुढच्या वर्षी ते राखले. जो संघ खालच्या विभागात खेळायचा, तोच देशात पहिला आला.

इंग्लंडमधील पुढील वर्षे

१९३६ मध्ये पेंटलंड इंग्लंडला परतले. काही काळ त्यांनी आपल्या जुन्या ब्रेंटफर्ड क्लबमध्ये साहाय्यक म्हणून काम केले. १९३८ मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो या क्लबचे व्यवस्थापकपद त्यांच्याकडे आले. हा क्लब तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात खेळत असे. १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागल्यावर इंग्लंडमधील साखळी स्पर्धा थांबल्या आणि त्याबरोबर पेंटलंड यांची प्रशिक्षणातील कारकीर्दही संपली. स्पेनमध्ये घराघरांत पोहोचलेले त्यांचे नाव मायदेशात मात्र फारसे परिचित नव्हते.

सन्मान आणि मृत्यू

बिल्बाओ त्यांना विसरले नाही. ८ डिसेंबर १९५९ रोजी ॲथलेटिक क्लबने आपल्या जुन्या गुरूला सन्मानाने सान मामेस मैदानावर बोलाविले. त्यांच्या गौरवार्थ लंडनच्या चेल्सी क्लबबरोबर खास सामना खेळविण्यात आला. शहात्तर वर्षांच्या पेंटलंड यांनी चेंडूला पहिला पाय लावून सामन्याची सुरुवात केली आणि क्लबने त्यांना सन्मानपदक अर्पण केले. त्यांना तेथून जाऊन तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती.

१६ मार्च १९६२ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर बिल्बाओ येथेही त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा झाली.

मूल्यमापन

प्रशिक्षकाचे मोल गुणतक्त्यावरून ठरविण्याची रीत जुनी आहे. त्या मोजमापाने पेंटलंड यांच्या वाट्याला दोन टोके येतात. एका बाजूला दोन साखळी अजिंक्यपदे व पाच राष्ट्रीय चषक, आणि दुसऱ्या बाजूला १९३६ची पदावनती. दोन्ही ठिकाणी शिक्षक एकच होता आणि शिकवणही बरीचशी एकच होती. फरक होता तो त्या शिकवणीला मिळालेल्या वेळेत. बिल्बाओत एकाच प्रदेशातील तरुण खेळाडू वर्षानुवर्षे त्यांच्या हाताखाली राहिले. माद्रिदमध्ये २२ सामन्यांच्या धावपळीत त्यांना निकाल द्यावे लागले आणि ते मिळाले नाहीत. म्हणून त्या हंगामाची जबाबदारी त्यांच्यावरून पूर्णतः दूर होत नाही. तथापि त्यांना हटविल्यानंतरही संघ सावरला नाही, हेही तितकेच खरे आहे.

स्पेनमधील फुटबॉल आज लहान आणि अचूक पासांच्या खेळासाठी जगभर ओळखला जातो. या खेळाची जडणघडण अनेक पिढ्यांनी आणि अनेक देशांतून आलेल्या शिक्षकांनी केली. तिच्या आरंभीच्या मानकऱ्यांत पेंटलंड यांची गणना होते. त्यांनी नावारूपाला आणलेला बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब १९२९ पासून आजपर्यंत कधीही पहिल्या विभागातून खाली गेलेला नाही. हा मान स्पेनमध्ये त्याच्याशिवाय केवळ रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या दोनच क्लबांकडे आहे.